आडावरचं झाकण

देवानंद गवई किती भित्रा माणूस आहे, हे उंद्रीत कुणालाही विचारा. कुत्रं भुंकलं की तो रस्ता बदलतो. मोटारसायकलवर मागे बसला तरी चालवणाऱ्याच्या खांद्यात बोटं रुतवतो. पोस्टमननं बाहेरून नाव पुकारलं तर आधी त्याच्या पोटात गोळा येतो, मग तो दार उघडतो. वय बावन्न, अंगानं काटक, आवाज इतका हळू की समोरच्याला दोनदा विचारावं लागतं. त्याची बायको पंचफुला सांगते की लग्नात हार घालतानासुद्धा याचे हात कापत होते. ती हे सांगत असते तेव्हा तो मान खाली घालून हसतो, कारण ते खरं आहे.

असा हा माणूस गेली पंधरा वर्षं चिखलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेचा मदतनीस आहे, तोही कंत्राटावर, आणि त्याच्या वाट्याला आलं ते वस्तू तोडून बघण्याचं काम. तिथे एक उंच यंत्र आहे. त्याच्या जबड्यात पट्टी अडकवायची, दोन्ही टोकांनी ताण देत जायचं आणि ती कधी तुटते ते पडद्यावर वाचायचं. तुटताना ठो असा आवाज होतो. पंधरा वर्षांत देवानंदनं हजारो पट्ट्या तुटताना ऐकल्या असतील आणि दर वेळी तो दचकला असेल. विद्यार्थी मुद्दाम त्याच्या मागे उभे राहून ही गंमत बघायचे.

हात मात्र देवानं सवडीनं घडवलेला. ज्या पट्ट्या यंत्रात तुटायच्या त्या बनवायचा हाच. साच्यात कापडाचा किंवा धाग्याचा एक थर, त्यावर राळ, रुळानं हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढायचा, मग दुसरा थर. घाई केली की वाया गेलं. भित्र्या माणसाला घाई करता येत नाही, म्हणून हे काम त्याला जमलं, असं माझं मत आहे. प्रयोगशाळेतल्या शिकलेल्या लोकांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिथे योगिनी मॅडम पीएच.डी.साठी आल्या आणि त्यांनी विषय घेतला अंबाडी. आपल्याकडे कपाशीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाच्या कडेनं, अंबाडी लावतात, पाल्याची भाजी खातात, आणि दांडे पाण्यात कुजवून त्यांच्या सालीचा वाख काढतात, दोर वळायला. मॅडम त्या वाखाचे थर राळेत बसवून पत्रे करू लागल्या. याला म्हणतात कंपोझिट. नाव अवघड असलं तरी गोष्ट जुनी आहे. मातीची भिंत घालताना आपण मातीत भुसा कालवतो, तीच ही युक्ती. एकटी राळ ठिसूळ, एकटा वाख लेचापेचा, पण दोघांनी एकमेकांना घट्ट धरलं तर पत्रा लोखंडाच्या जागी कामाला येतो. सगळी मदार त्या धरण्यावर. राळेनं धागा सोडला की पत्रा वरून कितीही चकचकीत दिसो, त्यात काही राम नाही.

म्हणून मॅडमची शिस्त कडक होती. वाख आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायचा, सात वेळा स्वच्छ धुवायचा, भट्टीत वाळवायचा आणि मग विंचरून सरळ करायचा. विंचरताना हातमोजे घालायचेच, कारण बोटाचा घामसुद्धा राळेला चालत नाही. आता किलोभर वाख विंचरायला एका माणसाचा सबंध दिवस जातो, आणि देवानंदच्या मागे दुसरी दहा कामं. त्यानं काय करावं? वाळलेला वाख पोत्यात भरून तो गुपचूप उंद्रीला नेऊ लागला. घरी त्याची माय होती, बनाबाई. वय शहात्तर. तरुणपणी लोकांच्या शेतात मजुरी करता करता तिनं मणानं वाख काढलेला, सुंभ वळलेलं. ती दारात बसून असा वाख विंचरून द्यायची की बघत राहावं. हातमोजे तिनं एकदा घालून बघितले आणि काढून ठेवले. एकदा मॅडमनी सहज विचारलं, देवानंदभाऊ, इतकं सुंदर विंचरतं कोण? प्रयोगशाळेतला माल बाहेर नेतो हे कळलं तर बोलणी बसतील या धास्तीनं तो म्हणाला, मीच, मॅडम.

एवढंच खोटं तो बोलला होता.

मॅडमचे आकडे चांगले आले. मग त्यांनी ठरवलं की यंत्रात पट्ट्या तोडून झाल्या, आता लोकांच्या उपयोगाची वस्तू करून दाखवायची. तिकडे वरच्या तालुक्यांत, खारपाणपट्ट्यात, लोखंडाला आयुष्य नाही. पाणी खारट, दोन-तीन पावसाळ्यांत जाळी सडून हातात येते. वडनेर भोलजीच्या पलीकडे एका वस्तीवर अंगणवाडीच्या अंगणात जुना आड होता, तोंड पाच फुटांचं, खोली पन्नास फुटांच्या वर. त्याच्यावरची जाळी सडली होती आणि मागच्या पावसाळ्यात एक बकरी आत गेली होती. मॅडमनी त्या आडासाठी सहा फूट लांब, सहा फूट रुंद असं अंबाडीचं झाकण करायचं घेतलं. दिवाळीनंतर देवानंदनं ते थरावर थर लावून केलं आणि डिसेंबरात सगळ्यांनी जाऊन बसवलं. प्राचार्य, मॅडम, देवानंद आणि वस्तीवरचे तिघे असे सहा जण त्यावर उभे राहिले. देवानंदनं नाण्यानं ठोकून दाखवलं, सगळीकडे टण्ण वाजलं. फोटो निघाला. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या की देवानंदभाऊंचा हात नसता तर इतके गुळगुळीत थर बसले नसते. प्राचार्यांनी यंदा कायम करण्यासाठी त्याचं नाव पाठवतो असा शब्द दिला. त्या दिवशी घरी येताना हा माणूस एसटीत खिडकीशी बसून एकटाच हसत होता.

पंचवीस जानेवारीला रविवार आला. जेवण करून देवानंद अंगणात आला, तर बनाबाई उन्हात बसून नव्या खेपेचा वाख विंचरत होती. तिच्या गुडघ्याशी एक वाटी होती. तिनं वाटीत बोटं बुडवली, तळव्यावर तळवा चोळला आणि दोन्ही हात वाखावरून खालपर्यंत फिरवले, नातीची वेणी घालावी तसे.

"माय, वाटीत काय हाय?" त्यानं विचारलं.

"तेल. दुसरं काय राह्यते?"

मग तिनं त्याला समजावून सांगितलं. कोरडा वाख रुसतो, बोटं कापतो, मधेच तुटतो. तेलाचा हात दिला की कसा सुतासारखा येतो. तिच्या सासूनं तिला असंच शिकवलं होतं. एरवी तिच्या बोटांना गरज पडत नव्हती, पण यंदाच्या थंडीत भेगा पडल्या, म्हणून दिवाळीपासून ती तेल घेऊन बसू लागली. म्हातारी बोलली त्यात चूक काही नव्हतं. दोरासाठी ते सगळं खरं होतं, कारण दोरात धाग्यांनी एकमेकांवरून थोडं सरकायचंच असतं. राळेतल्या धाग्यानं सरकायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम देवानंदचं होतं.

"मागच्या खेपीलेही देल्ला होता?" हे विचारताना त्याचा आवाज आणखीच खाली गेला.

"हाव. तू म्हनला ना, लेकराईच्या अंगनवाडीचं काम हाय. म्हून दोनदा देल्ला."

देवानंद तिथेच खाली बसला. आजवरची त्याची भीती किरकोळीतली होती, ही ठोक होती. मायनं विचारलं, काय झालं बापा? तो म्हणाला, काही नाही, ऊन लागलं. जानेवारीत कुणाला ऊन लागतं? पण तिच्या तेलकट, भेगाळलेल्या बोटांकडे बघून त्याला दुसरं काही सांगता येईना. ते झाकण मोडून एखादं पोर आडात गेलं, तर ते या बोटांनी गेलं असं होईल, आणि म्हातारी ते ऐकून जगायची नाही.

चार वाजता फोन वाजला. वस्तीवरच्या अंगणवाडी सेविका जयमालाताईंनी फोटो पाठवला होता. आडाच्या झाकणावर अकरा पोरं रांगेनं उभी, हातात कागदी झेंडे, मधोमध एक मुलगी कमरेवर हात ठेवून. खाली लिहिलं होतं की उद्या सव्वीस जानेवारीचा नाच आहे, साडेनऊ वाजता, तुमचं झाकण म्हणजे आमचं स्टेज.

त्यानं हिशोब करून पाहिला. अंगणवाडीचं पोर पंधरा किलोचं, अकरा पोरं म्हणजे सहा मोठ्या माणसांच्या निम्मंही वजन नाही. तेवढ्यानं त्याला मिनिटभर बरं वाटलं. मग आठवलं की ते सहा जण फोटोसाठी गप उभे होते, आणि ही पोरं नाचणार होती. शिवाय तेव्हा झाकण नवं होतं. आता दीड महिना आडातली खारट ओल खालून चढत होती, आणि जिथे राळेनं धागा धरलेला नाही तिथून ओल आत शिरते, थर सुटत जातात. मॅडमना हे विद्यार्थ्यांना सांगताना त्यानं शंभरदा ऐकलं होतं. जास्त शिकलेला असता तर त्याला नेमके आकडे काढता आले असते. अजिबात ऐकलेलं नसतं तर झोप तरी लागली असती. त्याचं दोन्हीकडून मरण होतं.

त्यानं मॅडमना फोन लावला. मॅडम प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत होत्या, खूश होत्या. त्यांनीच आधी सांगितलं की उद्या वस्तीवरचे फोटो आठवणीनं मागवा, शेवटच्या पानावर टाकायचे आहेत. देवानंद हो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला. मग स्वतःच्या कपाळावर दोनदा बुक्की मारून घेतली. मग जयमालाताईंना फोन केला आणि सांगितलं की पोरांना झाकणावर उभं करू नका, रंगाचं काम राहिलं आहे. त्या हसल्या. रंग तर खणखणीत वाळला आहे, त्या म्हणाल्या, आणि तुम्ही मोठी माणसं उभी राहिलात तेव्हा चाललं, आमची चिमणी पोरं जड झाली का? याच्यापाशी उत्तर होतं, पण ते खरं होतं, आणि ते सांगायला त्याची जीभ उचलेना.

संध्याकाळी त्यानं पंचफुलेला सगळं सांगितलं. पदर तोंडाला लावून तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इथं बसून काय भेता? तिथं जाऊन भ्या."

रात्री त्याचा डोळा लागला नाही. सकाळी पहिल्या एसटीनं तो खामगावला उतरला, तिथून जीपनं नांदुऱ्याला, तिथून दुसरीनं वडनेर भोलजीच्या फाट्यावर. प्रत्येक ठिकाणी गाडी भरेपर्यंत ड्रायव्हर हलत नव्हता, आणि देवानंद दर दोन मिनिटांनी जयमालाताईंना फोन लावत होता. तिकडे लाऊडस्पीकर लागला होता, फोन कोण ऐकतो? वाटेत शाळाशाळांतून झेंडे वर चढत होते, पांढऱ्या कपड्यांतली पोरं रांगेनं चालली होती, आणि त्याला ती सगळी पोरं आडाकडेच चालली आहेत असं वाटत होतं. फाट्यावर उतरला तेव्हा नऊ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. वस्ती दोन किलोमीटर आत. तो पळत सुटला. वाटेत दोन कुत्री त्याच्या मागे लागली आणि कंटाळून परत गेली, हे त्याला पुढे कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं.

अंगणात पोचला तेव्हा झेंडा लागलेला होता, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातलेला होता, खुर्चीवर प्रमुख पाहुणे म्हणून उकंडराव बसले होते. ते वस्तीवरचे मोठे शेतकरी, ग्रामपंचायतीचे सदस्य, मिशा पांढऱ्या आणि आवाज गडगडाटी. अकरा पोरं झाकणावर उभी होती. गाणं सुरू व्हायचं होतं आणि जयमालाताई मोबाइलला वायर जोडत होत्या.

देवानंदनं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडलं तर पोरं घाबरतील, एकदम पळतील, आणि अकरा पोरांचे पाय एकाच क्षणी झाकणावर आपटतील. ही भीती पहिल्या भीतीवर चढून बसली. तो हळूच पुढे गेला, झाकणाच्या कडेशी गुडघे टेकून बसला आणि कडेचं पोर काखेत हात घालून उचललं, जमिनीवर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. तोंडानं तो पुटपुटत होता, हळू या, हळू, पळू नका. लोकांना वाटलं की हा कॉलेजचा माणूस रांग नीट लावतो आहे. सातवं पोर उचललं तेव्हा जयमालाताईंनी विचारलं की भाऊ, हे काय चाललंय? त्यानं मान वर केली नाही. दहा झाली.

अकरावी मुलगी मधोमध उभी होती, तीच कमरेवर हात ठेवणारी. तिचं नाव निशिगंधा, उकंडरावांची नात. तिथवर हात पोचत नव्हता आणि ती जागची हलायला तयार नव्हती. तिचा नाच होता, तिनं पंधरा दिवस तयारी केली होती, आणि तो कोण लागून गेला? तिनं रागानं पाय आपटला. देवानंदला खालून बारीकसा कट् असा आवाज आला. तो त्यालाच कळला. पंधरा वर्षं तो हा आवाज ऐकत होता. यंत्रात ठो होण्याच्या जरासा आधी तो येतो.

तो पोटावर आडवा झाला, म्हणजे वजन एका जागी पडायचं नाही, आणि छातीपर्यंत झाकणावर सरकला. घामानं त्याचे डोळे चुरचुरत होते. हात लांब केला. रागवायचं, आमिष दाखवायचं, काही सुचेना. जे पोटात होतं तेच ओठावर आलं.

"मले लय भेव वाटून राह्यलं, बाई," तो म्हणाला. "मले हात दे."

निशिगंधानं त्याच्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस रडायला आलेला तिनं कधी पाहिला नसावा. तिला त्याची दया आली. ती दोन पावलं पुढे आली आणि तिनं त्याला हात दिला. त्यानं तिला छातीशी धरून मागे सरकत जमिनीवर आणलं.

मग गलका झाला. उकंडराव उठून आले, नातीला बाजूला घेतलं आणि हा काय तमाशा म्हणून गरजले. देवानंद उभा राहिला. त्यानं सांगितलं की हे झाकण त्यानं केलेलं आहे आणि ते खराब आहे. धाग्याला तेल लागलं होतं, राळेनं धागा धरलेला नाही. कुणी लावलं तेल, असं जयमालाताईंनी विचारलं. तो म्हणाला, माझ्या घरी लागलं, चूक माझी. उकंडराव हसले. सहा जण उभे होते तेव्हा काही झालं नाही, ते म्हणाले, तुम्ही भेकड आहात, तुमच्यापायी लेकरांचा नाच मोडला. आता मीच उभा राहून दाखवतो. त्यांनी चप्पल काढून पाय उचलला आणि देवानंदनं, ज्यानं जन्मात कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता, त्यांच्या कमरेला मिठी मारली.

तशी मिठी मारूनच त्यानं खिशातलं रुपयाचं नाणं काढलं आणि जयमालाताईंना दिलं. कडेला वाजवून बघा, मग मधे, असं तो म्हणाला. त्यांनी वाजवलं. कडेला टण्ण वाजलं. जरा आत ठोकलं तर भद्द, पिकून सडलेल्या भोपळ्यावर टिचकी मारावी तसं. बसवलं त्या दिवशी ते सगळीकडे टण्ण वाजलं होतं, हे जयमालाताईंना आठवत होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चौघांना झाकण उचलून बाजूला ठेवायला सांगितलं.

चौघांनी चार कोपरे धरले आणि उचललं. कमरेइतकं वर आलं आणि झाकण मधोमध मोडलं. ठो झालं नाही, नुसता फाटल्यासारखा आवाज आला. एक भाग दोघांच्या हातात राहिला आणि दुसरा निसटून आडात गेला. सगळे थांबले. तो खाली आपटल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की तेवढ्यात कुणी श्वास घेतला नाही. मग खोलवर पाणी वाजलं.

आयांनी आपापलं लेकरू ओढून घेतलं. एक बाई आपल्या पोराचं डोकं नुसती चाचपत होती, केस मोजावे तशी. हातात राहिलेल्या तुकड्याच्या मोडलेल्या कडेतून वाखाचे लांब लांब धागे लोंबत होते, स्वच्छ, सरळ, चमकदार. एकाही धाग्याला राळेचा कण चिकटलेला नव्हता. एका तरण्या बापानं देवानंदची कॉलर धरली. आमच्या लेकराईवर प्रयोग करता काय बे, असं त्यानं विचारलं. देवानंद हाव म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तो मार खायला उभा राहिला. पण मार पडला नाही, जयमालाताई मधे आल्या. त्यांनी त्याला पाणी दिलं.

मग त्यानं मॅडमना फोन केला. या वेळी त्यानं त्यांना आधी बोलू दिलं नाही. धागा मी विंचरत नव्हतो, माझी माय विंचरते, तिनं तेल लावलं, मी तुमच्याशी खोटं बोललो, झाकण मोडलं, लेकरं बरी आहेत. हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. मॅडमनी एवढंच विचारलं की वर किती मुलं होती. अकरा, तो म्हणाला. दुपारी त्या गाडी घेऊन आल्या. आडावर तात्पुरते सागाचे ओंडके टाकून काटेरी कुंपण करून घेतलं, मोडका तुकडा गाडीत घेतला. परतीच्या वाटेवर त्यांनी दोनदा गाडी थांबवली, कारण त्यांचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. शिकलेल्या माणसालाही अशी भीती वाटते, हे देवानंदनं पहिल्यांदा पाहिलं.

प्रबंध लांबला. मॅडमनी त्या तुकड्यावर एक प्रकरण नव्यानं लिहायला घेतलं. देवानंदला कॉलेजनं ताकीद दिली आणि कायम करण्याच्या यादीत त्याचं नाव गेलं नाही. मायला त्यानं एवढंच सांगितलं की नव्या पद्धतीत तेल लागत नाही. तिला ती पद्धत बिनडोक वाटली. त्याला मात्र वस्तीवरचे लोक येतील, पोलिसात जातील, याची धास्ती रोज होती. दारात गाडी थांबली की तो मागच्या खोलीत जायचा.

पंधरा-वीस दिवसांनी खरंच गाडी थांबली. खिडकीतून त्याला उकंडरावांच्या मिशा दिसल्या आणि तो धान्याच्या कोठीमागे जाऊन बसला. पंचफुलेनं पाहुण्यांना बसवलं, चहा ठेवला आणि त्याला हाताला धरून बाहेर काढलं. उकंडरावांसोबत निशिगंधा होती. म्हाताऱ्यानं सांगितलं की पंचायत पुन्हा लोखंडाची जाळी बसवणार होती, पण ती किती दिवस टिकते हे सगळ्यांना माहीत आहे. मॅडम नवीन झाकण करून द्यायला तयार आहेत. वस्तीवर बैठक झाली. लोकांची एकच अट आहे, झाकण देवानंदनं करावं.

देवानंदला वाटलं की आपली थट्टा चालली आहे. "मीच काऊन?" त्यानं विचारलं.

"आजवर मले जो भेटला तो म्हनला, काही होत नाही," उकंडराव म्हणाले. "म्याही तेच म्हनलं. माही नात त्या झाकनावर उभी होती अन् म्या खुर्चीवर बसून तेच म्हनत होतो. काही होत नाही म्हननाराच्या हातचं आता आमाले नको. भेनाराच्या हातचं पाहिजे."

देवानंदला नाही म्हणायचं होतं. आड त्याच्या डोळ्यांपुढे होता आणि खाली वाजलेलं पाणी अजून कानात होतं. त्यानं निशिगंधेकडे बघितलं. ती चहात बिस्कीट बुडवून खात होती. त्यानं तिला तिचं वजन विचारलं. सोळा किलो, ती म्हणाली. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक कोपरा फाडला, एका पोरामागे झाकणानं किती वजन पेलायचं म्हणून त्यावर बत्तीस लिहिलं, आणि मग ते खोडून चौसष्ट लिहिलं.